जुनी वर्तमानपत्रे आणि आपले हसणे

१

जुन्या वर्तमानपत्रांतील चमत्कारिक बातम्या वेचून काढायच्या आणि त्यांवर चार घटका हसायचे, ही मराठी वाचकाची जुनी हौस आहे. ‘शंभर वर्षांपूर्वी’ अशा मथळ्याची चौकट अनेक पत्रे छापत आली आहेत. त्या चौकटीत पहिल्या आगगाडीला नारळ वाहणारे लोक असतात, औषधांच्या अफाट जाहिराती असतात, कोणी पंडिताने मांडलेले हवामानाचे भाकीत असते. वाचक हसतो, पान उलटतो आणि आपण किती पुढे आलो याचे समाधान मानतो.

या हसण्यात आपण कोठे बसतो, असा प्रश्न मला पडत आला आहे. ज्या काळाच्या या बातम्या, त्या काळात आपल्या आज्या-पणज्याला ते पत्र वाचता येत नव्हते. वाचता आले तरी विकत घेण्याची ऐपत नव्हती, आणि ऐपत असली तरी त्या पानांवर त्याच्यासाठी काही नव्हते. तो वाचक नव्हता. फार तर तो कधी काळी एखाद्या बातमीचा विषय होता, आणि तोही बिननावाचा. मग त्याचा नातू आज ते पान वाचून हसतो तेव्हा तो कोणाबरोबर हसतो आणि कोणाला हसतो? वरवर पाहता प्रश्न क्षुल्लक आहे. परंतु इतिहास कोणाच्या डोळ्यांनी वाचायचा हा मोठा प्रश्न त्याच्या पोटात दडलेला आहे, म्हणून त्याचा थोडा उलगडा करण्याचा हा प्रयत्न.

पुणे-सातारा रस्त्यालगत भोर तालुक्यात शिवरे हे गाव आहे. तेथे आमच्या वस्तीत जयंतीच्या दिवसांत मी गेली काही वर्षे एक साधा उपक्रम करतो. जुन्या पत्रांतील एखादे प्रकरण घ्यायचे, ते सोप्या भाषेत सर्वांपुढे मांडायचे आणि त्यावर लोकांना बोलू द्यायचे. साधने आता दुर्मीळ राहिलेली नाहीत. रत्नाकर गणवीर यांनी १९७६ साली ‘बहिष्कृत भारता’तील अग्रलेख पुस्तकरूपाने आणले. १९९० साली महाराष्ट्र शासनाने ‘मूकनायक’ आणि ‘बहिष्कृत भारत’ यांचे अंक एकत्र छापले. गंगाधर पानतावणे यांनी बाबासाहेबांच्या पत्रकारितेवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. एवढी शिदोरी गावातल्या वाचनाला पुरेशी आहे. या बैठकांत लोक कोठे हसतात, कोठे गप्प होतात आणि कोठे चिडतात हे पाहता पाहता जे ध्यानात आले, ते पुढे मांडतो.

२

पहिले प्रकरण पुण्याचे आहे आणि ते चहाचे आहे.

ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झाले. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव जोशी यांचा त्यात पुढाकार होता. शहरातील सुमारे पन्नास प्रतिष्ठित मंडळी आली. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. व्याख्यान संपल्यावर मिशनच्या लोकांनी पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे ठेवली. कोणी घेतली, कोणी भिडेखातर पेला नुसता हातात धरला. येथवर बातमी होण्यासारखे काहीच नव्हते. परंतु गोपाळराव हा मुलखाचा खट्याळ गृहस्थ. त्याने हजर मंडळींची नावे ‘पुणे वैभव’ पत्रातून प्रसिद्ध करवली आणि पुण्यात आग लागली.

सनातन्यांनी शंकराचार्यांकडे फिर्याद नेली. सरदार नातू त्यात अग्रभागी होते. शंकराचार्यांनी दोन शास्त्र्यांचे मंडळ नेमले. वकील, प्रोफेसर, न्यायाधीश अशा माणसांची चहा प्याल्याबद्दल रीतसर चौकशी सुरू झाली. पेला हातात घेतला पण ओठाला लावला नाही, असे काहींचे म्हणणे पडले. टिळकांनी शास्त्रवचनांच्या आधारे बचाव केला आणि आपण काशीला प्रायश्चित्त घेतलेले आहे असे सांगितले. तरीही घरच्या मंगलकार्याला भटजी मिळण्याची पंचाईत त्यांना सोसावी लागली. रानड्यांनी अखेर १८९२ साली मित्रांच्या अडचणीकडे पाहून प्रायश्चित्त घेतले. त्याने त्यांच्या सुधारक अनुयायांना किती धक्का बसला, आणि घरात त्याचे काय पडसाद उमटले, हे रमाबाई रानडे यांच्या आठवणींत वाचायला मिळते.

हे प्रकरण मी मांडतो तेव्हा वस्तीत हशा पिकतो. का पिकतो? पहिले कारण म्हणजे कारण आणि कार्य यांचे प्रमाण बिघडलेले आहे. एक पेला चहा, आणि त्यासाठी पीठ, शास्त्री, फिर्याद, जबाब, काशी! दुसरे कारण अधिक खोल आहे. स्मृती लिहिल्या गेल्या तेव्हा या देशात चहाच नव्हता. ज्या वस्तूचे नाव धर्मग्रंथात नाही तिच्यासाठी धर्मग्रंथातून शिक्षा शोधून काढायची, हा शास्त्र्यांचा उद्योग मुळातच हास्यास्पद होता. चहाला जात नव्हती. जात होती ती पेला पुढे करणाऱ्या हाताला. शास्त्र्यांची सारी विद्वत्ता एवढी एक साधी गोष्ट झाकण्यासाठी राबत होती. जुनी बातमी वाचताना हे झाकण उडते, आणि ते उडताच हसू येते.

पण आपल्या हसण्याला आणखी एक पदर आहे. ज्यांनी हजारो माणसांना पाण्यावाचून, अन्नावाचून, स्पर्शावाचून ठेवले, त्यांना बहिष्कार कसा असतो हे दोन वर्षे चाखावे लागले. भटजी मिळेना, पंगत मिळेना, सोयरे टाळू लागले. आपल्याकडे हे दुःख जन्माबरोबर येई आणि मेल्यावरही संपत नसे. त्याला कोणी प्रायश्चित्तही सांगितलेले नव्हते. बामणाला चहाचे पाप धुता येत होते, महाराला जन्माचे धुता येत नव्हते. एका बैठकीत एक म्हातारी आजी मला म्हणाली, “आरं गुरुजी, च्या त्यांनी प्याला, इटाळ त्यांनीच धरला, आन् त्यांचं त्यांनीच फेडलं. आमाला तर कुनी पेलाबी फुडं केला न्हाई!” सगळे हसले. तीही हसली. पण प्रकरणाचा सारा अर्थ त्या एका वाक्यात आला होता. पंचहौदच्या त्या दिवाणखान्यात आपल्यापैकी कोणी नव्हते. वाद चालला तो बाटण्याचा, आणि ज्यांच्यामुळे बाटतात असे मानले जाई त्यांना कोणी साक्षीलाही बोलावले नव्हते.

३

याला जोडून दुसरा चहा सांगितला पाहिजे, कारण तो पहिल्याचे उत्तर आहे.

कोल्हापुरात गंगाराम कांबळे हे शाहू महाराजांच्या पागेत नोकरीला होते. सवर्णांच्या पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली. महाराजांना हे कळताच त्यांनी मारणाऱ्यांना शासन केले आणि गंगारामला स्वतंत्र धंदा करण्यासाठी मदत दिली. गंगारामने भर शहरात चहाचे हॉटेल काढले. त्याचे नाव ‘सत्यसुधारक’. महाराच्या हॉटेलात चहा कोण पिणार? तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तेथे चहा मागवू लागले, आणि बरोबरच्या उच्चवर्णीय मंडळींनाही पाजू लागले. सही-शिक्क्यासाठी मागे लागणाऱ्या लोकांना ते गंगारामच्या हॉटेलाशी बोलावीत आणि आधी चहा घ्यायला लावीत, अशी आठवण सांगितली जाते.

हा विनोद वेगळ्या जातीचा आहे. पंचहौदमध्ये गोपाळरावाने थोरामोठ्यांची फजिती केली आणि तमाशा पाहिला. त्यातून अस्पृश्याच्या हाती काही आले नाही. शाहू महाराजांच्या थट्टेत मात्र एका माणसाचा धंदा उभा राहिला आणि ज्यांची जिरायची त्यांची जिरली. कारण थट्टा करणाऱ्याने आपली सत्ता दुबळ्याच्या बाजूला टाकली होती. गंगाराम कांबळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे १९२५ साली, महाराजांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, कोल्हापुरात त्यांचे स्मारक उभारले. एका कप चहाची फेड कशी होते, ती अशी.

रस्त्याकडेच्या हॉटेलांतून आपल्या लोकांसाठी वळचणीला ठेवलेली वेगळी कपबशी आमच्या भागातील वडीलधाऱ्यांना चांगली आठवते. कान तुटलेला कप स्वतः विसळून घ्यायचा, चहा वरून ओतला जाई, पैसे उंबऱ्यावर ठेवायचे. नाण्याला मात्र विटाळ होत नसे, ते लगेच गल्ल्यात जाई. अस्पृश्यता गुन्हा ठरवणारा कायदा १९५५ साली आला, तरी ती कपबशी पुढेही कित्येक ठिकाणी जागची हलली नव्हती. म्हणून या दोन चहांची गोष्ट आमच्याकडे नुसती पुण्या-कोल्हापूरची राहत नाही. ऐकणारा प्रत्येक जण आपला कप त्यात ओळखतो.

४

तिसरे प्रकरण सर्वांना माहीत आहे, पण त्यातील विनोदाकडे आपण सहसा पाहत नाही. ते महाडचे आहे.

१९२३ च्या ४ ऑगस्टला मुंबईच्या कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना मोकळ्या झाल्या. जानेवारी १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. तीन वर्षे हा ठराव दप्तरात सुखाने नांदला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या मागून आपले लोक तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले, तेव्हा कोठे त्या ठरावाचा अर्थ गावाच्या ध्यानात आला. अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठली आणि जेवायला बसलेल्या, परतीच्या वाटेला लागलेल्या लोकांवर लाठ्या पडल्या.

त्यानंतर तळ्याची शुद्धी झाली. १०८ घागरी, शेण, गोमूत्र, दूध, दही, मंत्रघोष! या तळ्यावर मुसलमान पाणी भरत होते. गुरे-ढोरे पाणी पीत होती, कुत्र्यांना कोणी अडवीत नव्हते. त्याने तळे बाटले नाही. माणसाच्या ओंजळीने ते बाटले आणि शेणाने शुद्ध झाले. पुढे ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोले ठरावाच्या बरोबर चौथ्या वाढदिवशी, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. कोणा नाटककाराने एवढा योगायोग रचला असता तर तो बेतलेला वाटला असता.

या विनोदाचे स्वरूप चहापेक्षा निराळे आहे. येथे विधी जसाच्या तसा उभा आहे, मंत्र तेच, साहित्य तेच. पण ज्या समजुतीवर तो उभा होता ती समजूत आज वाचणाऱ्याच्या मनातून गळून पडली आहे. समजूत गेली की विधीचा नुसता सांगाडा उरतो, आणि सांगाडा नाचताना दिसला की हसू येते. त्या काळच्या सनातनी वाचकाला ही शुद्धी गंभीर आणि आवश्यक वाटली. तोच मजकूर आज प्रहसन झाला आहे. मजकुरातला शब्दही बदललेला नाही, वाचणारा बदलला आहे. आणि वाचणारा आपोआप बदलला नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरात महाडला मनुस्मृती जाळली गेली. तळ्याचा दावा दहा वर्षे चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने निकाल दिला, की अनादिकालापासूनची वहिवाट स्पृश्यांना सिद्ध करता आली नाही. आज आपल्याला १०८ घागरींचे हसू येते, ते या दहा वर्षांच्या आणि त्यापूर्वीच्या-नंतरच्या लढ्यांची कमाई आहे. लढा झाला नसता तर त्या घागरी अजून गंभीर राहिल्या असत्या.

शिवऱ्याच्या बैठकीत हे सांगितले तेव्हा मागच्या रांगेतून एक बाई म्हणाल्या, “येवढं दूध-दही पान्यात घातलं व्हय! तवा आमची पोरं ताकालाबी महाग हुती.” या वेळी कोणी हसले नाही. मी शास्त्रार्थाच्या अंगाने विनोद समजावत होतो, त्यांनी हिशेबाच्या अंगाने पाहिले. आपल्या लोकांच्या विनोदबुद्धीचे हे एक लक्षण मला वाटते. ती भुकेपासून फार दूर जात नाही.

५

चौथे प्रकरण वर्तमानपत्रांचेच आहे.

३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’चा पहिला अंक निघाला. शाहू महाराजांनी त्याला अडीच हजार रुपयांचे साहाय्य दिले होते. पांडुरंग नंदराम भटकर हे त्याचे पहिले संपादक. हिंदू समाज हा अनेक मजल्यांचा मनोरा आहे, पण त्याला जिना नाही आणि ज्या मजल्यावर जन्म त्याच मजल्यावर मरण, ही बाबासाहेबांची प्रसिद्ध उपमा या पहिल्याच अंकातली. या पत्राची जाहिरात रोख पैसे देऊनही ‘केसरी’ने छापली नाही, असे बाबासाहेबांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. सुवर्णभस्म, सालसापरिला, दादाची मलमे यांना ज्या काळच्या पत्रांत जागा होती, त्या काळात एका पाक्षिकाच्या नावाला जागा झाली नाही. मुक्यांचा नायक बोलणार, एवढी बातमीही ऐकवेना.

पुढची गंमत काळाने केली. आठ वर्षांनी, एप्रिल १९२८ मध्ये, पुण्याच्या गायकवाडवाड्यात, म्हणजे खुद्द ‘केसरी’च्या घरात, समाज समता संघाच्या शाखेचा समारंभ झाला. टिळकांचे चिरंजीव श्रीधरपंत यांनी तो घडवून आणला. बाबासाहेब पाहुणे होते आणि स्पृश्य-अस्पृश्यांची एकत्र पंगत बसली. ज्या वाड्यातल्या छापखान्याला ‘मूकनायक’ची चार ओळींची जाहिरात सोसली नाही, त्या वाड्यात ‘मूकनायक’चा जनक जेवला. बैठकीत येथे टाळ्या पडतात.

पण टाळ्या थांबल्यावर पुढचे सांगावेच लागते. त्यानंतर दोन महिनेही उलटले नाहीत, तो २५ मे १९२८ रोजी श्रीधरपंतांनी आगगाडीखाली देह टाकला. मरणापूर्वी त्यांनी जी पत्रे लिहिली त्यांत एक बाबासाहेबांना होते. जुन्या बातम्यांत विनोद शोधणाऱ्याने हे नेहमी ध्यानात ठेवावे, की चौकटीत छापलेली गंमत कोठे तरी कापून घेतलेली असते. कापणाऱ्याने पुढचा अर्धा भाग टाकून दिला असेल, तर आपण तो शोधून पुन्हा जोडला पाहिजे.

६

येथे एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. आमच्या बैठकीतच तो एका कॉलेजात शिकणाऱ्या मुलाने घेतला. तो म्हणाला, “गुरुजी, ह्यात हसण्यासारखं काय आहे? आपल्या माणसांनी मार खाल्ला. आपण हसलो की त्यांना वाटतं, झालं गेलं, आता गंमत झाली.”

त्या मुलाची भीती खरी आहे. प्रस्थापितांचे हसणे बरेचदा हेच काम करते. ‘पूर्वी लोक किती भोळे होते’ असे म्हटले की जुलमाचे रूपांतर भोळेपणात होते आणि जुलूम करणाऱ्याचा वारस हिशेबातून सुटतो. अशा हसण्यात आपण सामील होऊ नये. शिवाय काही मजकूर असा असतो की तेथे कोणतेच हसू टिकत नाही. जोतीराव फुले यांच्या शाळेतील मुक्ता साळवे हिचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’ पत्रात आला. ती तेव्हा अवघी चौदा वर्षांची. पेशवाईत तालीमखान्यापुढून जाणाऱ्या मांग-महाराचे डोके उडवून गुलटेकडीच्या मैदानात त्याच्याशी चेंडूसारखे खेळत, असे तिने त्यात लिहिले आहे. यावर कोण हसेल? हा खेळ होता, आणि खेळणाऱ्यांना त्यात करमणूक वाटत असेल. करमणूक हा शब्दच तेथे काळवंडतो.

पण त्याच निबंधात त्याच मुलीने आणखी एक गोष्ट केली आहे. ब्राह्मण म्हणतात वेद आमचेच, ते इतरांनी पाहू नयेत. तर मग आम्हांला धर्मपुस्तक नाही आणि धर्मही नाही, हे उघडच झाले, अशी तिची विचारसरणी आहे. प्रतिपक्षाचे म्हणणे तिने जसेच्या तसे मान्य केले आणि त्याला शेवटपर्यंत चालवत नेऊन खड्ड्यात घातले. राग आहे, पण तो उपरोधाच्या रूपाने आला आहे, आणि त्यामुळे त्याला उत्तर देणे अवघड झाले आहे. ‘बहिष्कृत भारता’त बाबासाहेब प्रतिपक्षाच्या पत्रांना उत्तरे देतात तेव्हा त्यांची रीत पुष्कळदा हीच असते. एकेका अंकाचे चोवीस-चोवीस रकाने एकट्याने लिहून काढण्याच्या धबडग्यातही त्यांनी हे शस्त्र खाली ठेवले नाही. पुढे भीमराव कर्डक आदींच्या आंबेडकरी जलशांनी तेच शस्त्र गावोगाव नेले. जलशातला भटजी, सावकार, पाटील पाहून लोक पोट धरधरून हसत आणि घरी जाताना काही तरी ठरवून जात.

म्हणजे हसणे दोन प्रकारचे आहे. एक हसणे प्रकरण मिटवते. दुसरे प्रकरण उघडते. पहिल्यात हसणारा स्वतःला त्या गोष्टीच्या बाहेर ठेवतो. दुसऱ्यात तो म्हणतो, हे माझ्याविषयी घडले होते, आणि मी अजून येथे आहे. वस्तीतल्या त्या आजीचे हसणे दुसऱ्या प्रकारचे होते. त्या मुलाला मी एवढेच सांगितले, की तुझा राग ठेव, आणि आजीचे हसूही ऐक. दोन्हींचे मूळ एकच आहे.

७

वाचावे कसे, याविषयी आता थोडे व्यवहाराचे सांगतो. कोणत्याही वस्तीत, वाचनालयात, विहारात हे करता येईल.

जुन्या छापखान्यात खिळे हाताने जुळवले जात. मजकूर संपूनही रकान्याच्या तळाशी जागा उरली, तर ती भरायला दोन-चार ओळींच्या किरकोळ बातम्या हाताशी ठेवाव्या लागत. चमत्कारिक बातम्या बहुधा अशा जागेवर सापडतात. एरवी पानावर न येणारी माणसे कधी कधी याच फटीतून आत आली आहेत. म्हणून मोठे मथळे सोडून रकान्यांचे तळ वाचावेत.

बातमी सापडली की ती मोठ्याने वाचावी आणि चार प्रश्न विचारावेत. ही बातमी पत्राला कोणी पुरवली? हिच्यात नाव कोणाला आहे आणि नुसती जात कोणाला आहे? या प्रकरणाचा खर्च कोणी सोसला, पैशाचा, अन्नाचा, अंगावरच्या वळांचा? आणि येथे असायला हवा होता पण नाही, असा कोण? पंचहौदला हा चौथा प्रश्न लावला की आजीचे वाक्य मिळते. महाडला तिसरा लावला की ताकाचा हिशेब मिळतो. मला जुन्या पानांत नेहमी दुसरा प्रश्न थबकवतो. त्यांत सवर्णाला आडनाव, पदवी, गाव असते. आपला माणूस ‘एक महार’, ‘कोणी मांग’ एवढाच उरतो. ज्याला नाव नाही त्याला हसणे सोपे असते.

तेवढ्याच बारकाईने आपली स्वतःची पत्रे वाचावीत. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली पुण्यातून ‘सोमवंशीय मित्र’ काढले. नंतर ‘मूकनायक’, ‘बहिष्कृत भारत’, ‘समता’, ‘जनता’ आणि १९५६ साली ‘प्रबुद्ध भारत’. या पत्रांत आपला माणूस नावागावासह येतो. कोणी वर्गणी पाठवली, कोणत्या गावी सभा झाली, कोणी मेलेले ढोर ओढायचे नाकारले. एकच घटना तिकडच्या पत्रात ‘अस्पृश्यांचा अतिरेक’ असते आणि इकडच्या पत्रात ‘पाण्यासाठी सत्याग्रह’. दोन्ही कात्रणे शेजारी ठेवली, तर शाळेतल्या पोरालाही वर्तमानपत्र म्हणजे काय ते एका दिवसात समजेल.

८

शेवटी आजच्या पानांविषयी. चमत्कारिक बातम्या फक्त जुन्याच पत्रांत असतात असे नाही. वधू-वरांच्या जाहिराती पाहाव्यात. शिक्षण, पगार, उंची, वर्ण यांची यादी देऊन ‘आंतरजातीय चालेल’ असे उदार मनाने म्हटलेले असते, आणि लगेच पुढे ‘एससी, एसटी क्षमस्व’. सर्व जाती चालतील, पण काही जाती जातींत मोडत नाहीत! शिवाय क्षमाही मागितलेली आहे. पंचहौदच्या शास्त्र्यांना एवढी सभ्यता साधली नव्हती. कागदाची जागा आता मोबाइलने घेतली असली तरी ही ओळ तेथेही मुक्कामाला गेली आहे.

शंभर वर्षांनी कोणी तरी ही जाहिरात ‘जुन्या गमती’ म्हणून छापील आणि तेव्हाचा वाचक हसेल. त्याला १०८ घागरींइतकीच ती अजब वाटावी, अशी माझी इच्छा आहे. पण महाडच्या घागरी आपोआप हास्यास्पद झाल्या नाहीत. त्यासाठी माणसे तळ्यावर गेली, मार खाऊन परतली, दहा वर्षे कोर्टात उभी राहिली आणि आपली पत्रे कर्ज काढून चालवीत राहिली. त्या ‘क्षमस्व’चेही तसेच आहे. त्याला जो वाचक शंभर वर्षांनी हसणार आहे, त्याच्या हसण्याची तजवीज आज आपल्यालाच करावयाची आहे.